वारं आलं, वारं गेलं

मुंबईचा माणूस ताप आला की रजा टाकतो, पुण्याचा माणूस ताप आला की दाराला पाटी लावतो आणि कोल्हापूरचा माणूस ताप आला की तांबडा रस्सा पितो. रश्श्याने न उतरणारा ताप आणि तालमीत न निघणारी उसण या दोन्ही गोष्टी आमच्या गावाला तत्त्वतः मान्य नाहीत. इथे आजारी पडायला कुणाची हरकत नसते. पण आजारी दिसायला मात्र सक्त मनाई असते. इस्पितळात भेटायला गेलात, तर पलंगावरचा पेशंटच तुम्हाला विचारतो, "काय, बरं हाय न्हवं? वाळलाईस जरा."

त्यातून जो आजार पंधरा मिनिटांत आपणहून चालता होतो, त्याला आम्ही आजार म्हणतच नाही. त्याला म्हणतात 'जरा असंच झालं.' हात लुळा पडला आणि परत चालू झाला, जरा असंच झालं. जीभ जड झाली आणि परत हलकी झाली, जरा असंच झालं. एका डोळ्यापुढे पडदा आला आणि वर गेला, तेही जरा असंच. या 'जरा असंच'ला डॉक्टरी भाषेत 'ट्रान्झिएंट इस्केमिक अटॅक' असं भारदस्त नाव आहे, आणि घाईच्या वेळी त्याला टी.आय.ए. म्हणतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा क्षणभर अडतो आणि पुन्हा सुरू होतो. आमच्याकडे अर्धांगवायूला 'अंगावरनं वारं जाणं' म्हणतात. त्या हिशेबाने हे नुसतं दारात डोकावून गेलेलं वारं. पण दारात डोकावणारा माणूस पुष्कळदा घराची पाहणी करायला आलेला असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

माझ्याही आलं नसतं. पण मला मामा आहेत.

मामा बहात्तर वर्षांचे. तरुणपणी शिवाजी पेठेतल्या तालमीत घुमलेले. त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर खासबागेच्या मैदानात त्यांची पाठ कधी मातीला लागलेली नाही. (त्यांच्या जोडीदारांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर पुष्कळदा लागली आहे, पण ते जोडीदार आता फारसे उरले नाहीत, आणि उरले आहेत त्यांना ऐकू येत नाही.) साखर आहे, रक्तदाब आहे, आणि दोन्हींवरच्या गोळ्या देवासमोरच्या डबीत आहेत. तिथल्या तिथेच आहेत.

एका रविवारी जेवताना मामांच्या उजव्या हातातून पांढऱ्या रश्श्याची वाटी सुटली. कोल्हापूरच्या माणसाच्या हातून पांढरा रस्सा सांडणं ही मुळात वैद्यकीय तातडीची बाब समजली पाहिजे. पण घरातली पोरं हसली. मामा त्यांना रागावायला गेले, तर तोंडातून निघालेले शब्द मराठी नव्हते, कानडी नव्हते आणि शिव्याही नव्हत्या. तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता. उजवा हात पाटाशेजारी दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता.

मग जे व्हायचं ते झालं. शेजारच्या वहिनींनी कांदा फोडून हुंगवला. समोरच्या आबांनी चप्पल हुंगवायला सांगितली. चपलेच्या बाबतीत आमच्या गावाला तोड नाही, तेव्हा ती लगेच सापडली. कुणी पित्त म्हणालं, कुणी दृष्ट म्हणालं, कुणी 'मान अवघडली असंल, खटक्यासरशी मोडा' म्हणालं. एवढ्या गर्दीत एकट्या मामीने काय केलं, तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने लिहून ठेवलं : '१ वाजून १० — हात, तोंड, बोलणं.'

आणि पंधरा-वीस मिनिटांत मामा बरे झाले. म्हणजे अगदी पुरते बरे. हात उचलला, मूठ वळली, पोरांना राहिलेल्या शिव्या व्यवस्थित मराठीत दिल्या आणि दुसरी वाटी मागितली. घराने सुटकेचा निःश्वास टाकला. चप्पल गुण देऊन गेली असं ठरलं. मामीने कॅलेंडरवर दुसरी ओळ लिहिली : '१ वाजून ३० — बरं', आणि मला फोन केला, "गाडी घिऊन ये. ह्यास्नी दवाखान्यात न्यायचंय."

"आता बरे आहेत ना?"

"म्हणून तर! बरं हाईत तवरच न्यायला पायजे. मी माझ्या डोळ्यानं बघितलो."

(आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी आलो, मी गेलो, मी बघितलो' असंच म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला वाटतं व्याकरण चुकलं. चुकलेलं नसतं, घरात निर्णय कोण घेतं ते त्यातून कळत असतं.)

इस्पितळातली डॉक्टरीणबाई तिशीची असेल. तिने आधी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघितली, कारण साखर एकदम उतरली तरी असाच तमाशा होतो. मग हातापायातलं बळ बघितलं. सगळं ठणठणीत. मामा म्हणाले, "बघा, काय न्हाई. जरा असंच झालतं." त्यावर ती म्हणाली, "मामा, तुम्ही गप्प बसा. मामी, तुम्ही सांगा." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य इतक्या अधिकृत तोंडून मामीने प्रथमच ऐकलं असणार. तिने कॅलेंडरचा फाडून आणलेला कागद पुढे केला. तो कागद वाचताना डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता दुधाचा हिशेबही तपासून देतील.

मग त्यांनी मामांना गुण दिले. याची एक सात गुणांची परीक्षा आहे, २००७ साली एका वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झालेली. वय साठ किंवा पुढे, एक गुण. रक्तदाब चढलेला, एक. एका अंगाची ताकद गेली, दोन. दहा मिनिटांपेक्षा जास्त पण तासाच्या आत, एक. मधुमेह, एक. एकूण सहा. "सातातलं सहा!" मामा खूश झाले. मॅट्रिकला त्यांना एकाही विषयात अशी टक्केवारी मिळालेली नव्हती. पुढचे दोन दिवस मोठा झटका येण्याची भीती किती, त्याचा अंदाज ही परीक्षा देते आणि हिच्यात नापास झालेला उत्तम, हे त्यांना सांगायला कुणाचा जीव होईना. आणि नापास झालेल्यालाही तपासावं लागतंच, असं डॉक्टरीणबाई नंतर मला म्हणाल्या.

"आता मेंदूचा फोटो काढू," त्या म्हणाल्या.

फोटोच्या बाबतीत कोल्हापूरकराला काही शिकवू नये. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात सिनेमाचा क्यामेरा स्वतःच्या हाताने बनवला. फरक इतकाच, की बाबूराव माणसाचं बाहेरचं रूप टिपत होते, आणि आता प्रश्न कवटीच्या आतला होता. आत डोकावण्याची युक्ती शोधली गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनियराने. तो काम करत होता ई.एम.आय. कंपनीत, म्हणजे ज्या कंपनीच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या आमच्या पिढीने ग्रामोफोनची किल्ली पिळून ऐकल्या, तीच. कर्ण्यात तोंड घालून बसलेल्या त्या कुत्र्याचे धनी लोक मेंदूत तोंड घालतील असं कुणाला वाटलं होतं! हाउन्सफील्डने आधी जनावरांचे मेंदू आणून त्यांच्यावर प्रयोग केले. (कोल्हापुरात हे शक्य नव्हतं. इथे मेंदू घरी आला की तो प्रयोगापर्यंत टिकत नाही.) १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डनमधे अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात पहिल्या जिवंत माणसाच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन निघाला. १९७९ मधे हाउन्सफील्डला नोबेल मिळालं, अ‍ॅलन कॉर्मॅक या शास्त्रज्ञाबरोबर. आता ई.एम.आय. म्हटलं की आपल्याला घराचा हप्ता आठवतो. स्कॅनचं बिल हातात पडलं की दोन्ही अर्थांची सांगड बसते.

मामांचा सी.टी. दहा मिनिटांत झाला. रिपोर्ट आला : नॉर्मल. घरात जल्लोष. मामेभाऊ पेढे आणायला निघालासुद्धा. त्याला डॉक्टरीणबाईंनी दारातून परत बोलावलं.

सी.टी.ला मुख्यतः एक प्रश्न विचारलेला असतो, आणि तो म्हणजे आत रक्त सांडलंय का? सांडलं असेल तर ते फिल्मवर पांढरं दिसतं. गाठ असली, कवटीखाली रक्त साचलेलं असलं, तर तेही कळतं. हा प्रश्न विचारणं जरुरीचं असतं, कारण रक्तवाहिनी तुंबली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायची आणि फुटली असेल तर तीच गोळी घात करणार. मामांच्या बाबतीत उत्तर आलं, 'रक्त सांडलेलं नाही.' त्याचा अर्थ गोळी द्यायला हरकत नाही, एवढाच. पण आपण त्याचा अर्थ लावतो, 'काहीच झालेलं नाही.' तुंबल्यामुळे नुकतीच झालेली बारीक इजा सी.टी.ला पुष्कळदा दिसतच नाही. गोळी तिथेच दिली, आणि मामांना एम.आर.आय.कडे नेलं.

एम.आर.आय.च्या दारात लोखंड-धातू उतरवून ठेवायचा असतो. अंगठी उतरली, घड्याळ उतरलं. कंबरेच्या चांदीच्या करदोट्यावर दहा मिनिटं चर्चा झाली आणि तो मामीच्या पदरात गेला. चप्पल मात्र बाहेर ठेवायला मामा तयार होईनात. कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, सगळी कातड्याची वादी असते, हा त्यांचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता. पण खरी काळजी चोरीची होती. शेवटी मी चपला मांडीवर घेऊन बाकावर बसलो. भरत आठवला.

आत बोगद्यात घातल्यावर यंत्र धाडधाड वाजायला लागतं. मामा बाहेर आल्यावर म्हणाले, "हलगी झकास वाजत हुती. पर पैलवान काय आलं न्हाईत."

पैलवान म्हणजे त्या यंत्रात पाणी असतं. आपल्या मेंदूत पाणीच पाणी, आणि एम.आर.आय.मधली 'डिफ्यूजन' नावाची तपासणी ते पाणी किती मोकळं हिंडतंय ते बघते. निरोगी मेंदूतलं पाणी म्हणजे संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला आलेली मंडळी. कुणी इकडे, कुणी तिकडे, कुणी भेळेच्या गाडीपाशी. रक्त अडलं की तिथल्या पेशी फुगतात, मधल्या वाटा अरुंद होतात, आणि मग दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचा महाद्वार रोड होतो. पाऊल हलत नाही. जिथे पाणी असं अडकलं, तिथे फिल्मवर पांढराशुभ्र ठिपका उमटतो. सी.टी.ला जे कळत नाही ते हिला काही तासांत, कधी काही मिनिटांत कळतं. मात्र फार दिवस घालवले तर ठिपका फिका होत जातो. म्हणून हा फोटो शक्यतो चोवीस तासांच्या आत काढावा म्हणतात. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणाऱ्याला हा मुहूर्त नाही.

बाकावर माझ्या शेजारी शाहूवाडीकडच्या एक काकू होत्या. त्यांची नुसती बोटं पाच मिनिटं बधिर झाली होती. त्यांच्या फिल्मवर मोहरीएवढा ठिपका निघाला. आणि वीस मिनिटं हात गेलेल्या आमच्या मामांची फिल्म कोरी! जुना नियम असा होता, की चोवीस तासांत बरं वाटलं तर टी.आय.ए., नाहीतर स्ट्रोक. या क्यामेऱ्याने त्या नियमाची पंचाईत केली. घड्याळाने टी.आय.ए. ठरलेल्या साधारण तीनातल्या एका माणसाच्या मेंदूत ठिपका सापडायला लागला. शेवटी २००९ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी व्याख्याच बदलली. आता घड्याळाऐवजी ठिपक्यावरून ठरतं. काकू पाच मिनिटांत स्ट्रोकच्या वर्गात बसल्या आणि मामा टी.आय.ए.त राहिले. बढती मिळाली म्हणून काकूंना आनंद झाला नाही, आणि राहिली म्हणून मामांना दुःख झालं नाही.

उलट मामांना जोर चढला. दोन यंत्रं त्यांच्या बाजूने बोलली होती. "पैसं वाया गेलं. मी म्हणालतो, काय न्हाई. चला घरला."

इथे डॉक्टरीणबाईंनी जे केलं त्याला मी मनातल्या मनात खासबागेतली गदा देऊन टाकली. त्या खुर्ची ओढून मामांच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, तुम्ही पैलवान. एक सांगा. कुस्तीत माणूस चितपट झाला आणि उठून पाठ झाडून उभा राहिला. पाठीला माती नाही. तर कुस्ती झालीच नाही का?"

मामा गप्प. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पंचानं बघितलं असंल तर झाली."

"पंचांनी बघितलंय," असं म्हणून त्यांनी मामीकडे बोट केलं.

मला वाटतं, या सगळ्या कोट्यवधींच्या यंत्रांविषयी जे समजून घ्यायचं ते एवढंच आहे. ठिपका दिसला तर खात्री पटते आणि भीती वाढते. ठिपका नाही दिसला, तर पेशी मरायच्या आत रक्त परत आलं एवढंच कळतं. रक्त अडलंच नव्हतं, हे काही त्यातून सिद्ध होत नाही. ते बघणाऱ्याने सांगायचं असतं : किती वाजता, कुठला हात, बोलणं गेलं की नाही, परत कधी आलं. फिल्मवर ते छापून येत नाही.

"मग आता काय?" मी विचारलं.

"आता वाट बघायची," त्या म्हणाल्या. आम्ही वाट बघायला बसलो, तेव्हा कळलं की त्या रक्ताच्या वाटेविषयी बोलत होत्या. मेंदूचा कारभार उलटा असतो. उजवा हात आणि बोलणं गेलं, म्हणजे बहुतेक डाव्या मेंदूचा पुरवठा अडला. तिकडे रक्त नेणारी मुख्य शीर गळ्यातून डावीकडून वर जाते. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, ठोके अनियमित आहेत का बघायला. तो ठीक निघाला. मग गळ्याची सोनोग्राफी केली, आणि पाठोपाठ शिरांचा स्कॅन. डाव्या शिरेत चरबीचा थर साचून शंभरातली ऐंशी हिस्से वाट बंद होती.

हे आम्हाला समजावून सांगायला डॉक्टरीणबाईंनी चित्र काढायला घेतलं. पण मामीला त्याआधीच समजलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे अंबाबाईच्या किरणांसारखं." किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून येतात आणि देवीच्या पायांपासून चढत मुखापर्यंत जातात. मधे इमारतींचे अडथळे आले की ती पोचत नाहीत, म्हणून गावात वर्षानुवर्षं आरडाओरडा होतो. गाभारा जागच्या जागी असतो, देवीही जागच्या जागी असते. "गाभारा झ्याक हाय ह्यांचा," मामी म्हणाली, "वाटंत बांधकाम आलंय." त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट एकत्र केले तरी याहून चांगला निष्कर्ष निघाला नसता.

बांधकाम पाडावं लागलं. अशी शीर साफ करायची तर पहिल्या झटक्यापासून दोन आठवड्यांच्या आत करावी म्हणतात, आणि मामांची दहाव्या दिवशी झाली. आदल्या रात्री मामा झोपले नव्हते. मी सोबतीला होतो. अंधारात ते एकदम म्हणाले, "हात गेल्याचं काय वाटलं न्हाई रं. पर पोरांस्नी हाक मारायला गेलो आन् नावच येईना. समोर बसल्यात, आन् नाव न्हाई." मग थोड्या वेळाने, "हे मामीला सांगू नगंस." मी सांगितलं नाही. वाचकांनीही सांगू नये.

ऑक्सफर्डमधे एक पाहणी झाली होती. २००७ साली ती प्रसिद्ध झाली. असा छोटा झटका येऊन गेलेल्यांना सवडीने तपासलं आणि सवडीने औषध दिलं, तेव्हा तीन महिन्यांत शंभरातल्या दहा जणांना पुन्हा झटका आला. त्याच दिवशी तपासून त्याच दिवशी औषध सुरू केलं, तेव्हा दोघांना. मधले आठ लोक केवळ घाई केल्यामुळे आपल्या पायांनी घरी गेले. आयुष्यभर 'घाई करू नका' अशा पाट्या वाचत आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. पण 'आता बरं वाटतंय' हे वाक्य टी.आय.ए.च्या बाबतीत निर्धास्त होण्याचं नाही. अजून वेळ हातात आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यात गाडी काढायची, नाहीतर १०८ फिरवायचा. कांदा, चप्पल आणि मान मोडणं या गोष्टी सवडीने परत आल्यावर करता येतात.

मामा आता बरे आहेत. डबीतल्या गोळ्या मामी स्वतः मोजून देते. संध्याकाळी कट्ट्यावर बसून मामा हकीकत सांगतात, आणि तिच्यात दर आठवड्याला भर पडते. परवा ऐकलं तेव्हा यंत्रातली हलगी अर्धा तास वाजत होती आणि सातातल्या सहाचे साडेसहा झाले होते. शेवट मात्र ठरलेला असतो, "कुस्ती बरोबरीत सुटली."

मामी भाजीची पिशवी घेऊन तिथूनच चालली होती. न थांबता म्हणाली, "बरोबरीत कशाची? पैली हरलासाच. दुसरी मी लागू दिलो न्हाई."